फोनमधली पाहुणी

आमची झिनोव्हिया म्हणजे एक नंबरची मानी बाई. अंगात ताप असला तरी दारात पाहुणा आला की फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधून, टेबलावर चीज भरलेल्या प्लाचिंता मांडून हसत उभी. नवरा वारला, लेक इटलीत म्हातारी माणसं सांभाळायला गेली, तरी हिचा ताठा तोच.

गेल्या वर्षी तिला सारखी चक्कर येऊ लागली. राजधानीला, किशिनाऊला जायचं तर बसचं भाडं, तपासण्या, वर डॉक्टरच्या खिशात सरकवायचं पाकीट. कुठून आणणार? म्हणून लेकीने फोनच्या पडद्यावर बघून तपासणारी डॉक्टर जोडून दिली. महिन्यातून एकदा, अगदी स्वस्तात. त्या डॉक्टरला काही गंभीर वाटलं तर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात फुकट बोलावणं यायचं. झिनोव्हियाचं जगणं त्या बोलावण्यावरच अडलं होतं.

पण या बाईला फोनमधली डॉक्टरसुद्धा पाहुणीच! शेजारीण म्हणून फोन धरायला मी जायचे. आदल्या दिवशी विहिरीवर मटकन खाली बसलेली बाई डॉक्टरच्या दिवशी बघावी तर गाल लाल, ओठ लाल. म्हणायची, बरी आहे हो, जरा दमते एवढंच. एकदा माझं डोकंच फिरलं. मी मध्ये तोंड घालून सांगितलं, ही खोटं बोलतेय, काल विहिरीवर पडली होती.

डॉक्टर पोरगी हसली. "चेहऱ्यावर रंग तर छान आहे, मावशी. लोहाच्या गोळ्या घ्या. पुढच्या महिन्यात बघू."

फोन बंद झाल्यावर झिनोव्हिया माझ्यावरच उखडली. परक्या बाईसमोर तिची लाज काढली म्हणे. आणि खरं सांगते, तो टवटवीत चेहरा बघून मलाही वाटलं, मीच उगाच घाबरतेय.

पुढच्या महिन्यात डॉक्टरच्या दिवशी तिच्या घरात फोन नुसता वाजत राहिला. दार ढकलून आत गेले तर ती नवा रुमाल बांधून, फोनकडे तोंड करून खुर्चीत बसलेली. गार पडली होती.

तिला अंघोळ घालायला मी आणि तिची जाऊ वासिलिना होतो. ओलं फडकं गालावरून फिरवलं आणि फडकं लाल झालं. बीट. पोरी असताना लग्नाला जाताना आम्ही गालांना चोळायचो तेच. रंगाखालचा गाल चुन्यासारखा पांढरा.

वासिलिनाने माझा हात धरला. "राहू दे गं, आगाफ्या. लोक बघायला येतील."

"येऊ देत," मी म्हटलं, आणि दुसराही गाल पुसून काढला.