डावीकडची जागा

नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत वरच्या मजल्यावर एक रॉक गायक राहायचे. पन्नाशीचे, केस मानेवर रुळणारे. भाजीवालीकडे कोथिंबीर मागण्याआधीसुद्धा "वन टू, वन टू" म्हणून घसा तपासायचे. वीस वर्षं बँडमध्ये गायले. बँड मोडला, तेव्हा एकट्याची पहिलीच कॅसेट काढायला निघाले.

रेकॉर्डिंग घरातच. आवाज घुमू नये म्हणून त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोधड्या मागून आणून भिंतींवर टांगल्या. त्यात दोन माझ्या, म्हणजे मी जणू निर्मातीच! मी पुढे खुर्ची टाकून बसले. इंग्रजी गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मान अशी डोलवत होते की जणू माझा जन्म लंडनला झालाय.

रेकॉर्डिंगचं मशीन भाड्याचं, चालवणाऱ्या माणसासकट आणलेलं, संध्याकाळी परत द्यायचं होतं. शेवटचं गाणं सुरू झालं. एक ओळ गाऊन ते थांबले आणि डावीकडे बघू लागले. गाणं संपलं असं समजून मी शहाणी ओरडले, "वा! क्या बात है!"

मशीनवाल्याने कपाळावर हात मारला. "अहो ताई, गाणं बाकी आहे अजून! बँडमध्ये त्यांचा गिटारवाला डावीकडे असायचा. त्याच्यासाठी थांबतात ते, सवयीने."

तो टेप मागे फिरवायला लागला, तर गायकांनी त्याचा हात धरला. "राहू दे. वहिनी, पुढच्या ओळीलाही 'वा' म्हणा."

त्या कॅसेटमध्ये मी चार वेळा 'वा' म्हटलंय. तिसऱ्या वेळी आवाज चिरकलाय. नात कारण विचारते, तेव्हा मी मशीनला दोष देते.