डावीकडचा उंट

उंटाला स्वतःचा असा एक वास असतो, हे मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, शिरूर तालुक्यात कळलं. भिजून वाळलेलं गोणपाट, शिळं ताक आणि दिवसभर तापलेली माती यांनी मिळून केलेला तो वास पौषातल्या कलत्या उन्हात संथपणे पसरला होता. त्याच्या पाठोपाठ डिझेलचा, तळणीचा आणि लांबून कुठून तरी गुऱ्हाळाच्या काहिलीचा वास येत होता. वाळवंटात गुळाचा वास यावा हे भूगोलाला मान्य होणार नाही, पण हे वाळवंट भूगोलानं नव्हे, बापूंनी केलेलं होतं. न्हावऱ्याच्या पुढं, रस्त्यापासून आत, त्यांची मुरमाड जमीन पिढ्यान्‌पिढ्या कुसळांखेरीज काही देत नव्हती. त्यांनी तिच्यावर जेसीबीनं टेकाडं उभी केली, नदीची वाळू मिळेना म्हणून खडीच्या क्रशरवरची वाळू आणून अंथरली, राजस्थानातून दोन उंट आणले आणि फाटकावर ‘डेझर्ट सफारी’ अशी पाटी लावली. तिरपं ऊन पडलं की ती राखाडी वाळू घटकाभर खरोखर सोनेरी दिसे, आणि एखादा ढग आड आला की पुन्हा बांधकामाची होई.

आमची मुलगी शुभांगी सणसवाडीच्या एका कारखान्यात माणसं नेमण्याचं काम करते. तिच्या कंपनीचा कौटुंबिक मेळावा होता, म्हणून आम्हा दोघांना दौंडहून गाडीत घालून तिनं इथं आणलं होतं. माझे यजमान रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. छत्तीस वर्षं इंजिनाच्या डाव्या खिडकीशी बसून त्यांनी गाड्या नेल्या-आणल्या. आठ महिन्यांपूर्वी मेंदूचा झटका आला, त्यातून हातपाय वाचले, वाचा वाचली आणि गेली ती नेमकी डावी बाजू. डॉक्टर म्हणाले, डोळे शाबूत आहेत, पण मेंदू डावीकडं बघायला विसरला आहे. आणि आपण काही विसरलो आहोत, हेही विसरला आहे. म्हणजे ह्यांच्या लेखी जगाचं काहीच कमी झालेलं नव्हतं. दाढी उजव्या गालाची तेवढी होई, वर्तमानपत्राच्या उजवीकडच्या बातम्यांवर दिवसभराची मतं तयार होत, ताटातली डावीकडची भाजी तशीच राही आणि ‘आज नुसतं वरणच का?’ असा प्रश्न येई. मी काही न बोलता ताट अर्धं फिरवी. भाजी अवतरे. हे जेवत.

उपाय एकच होता: मान मुद्दाम डावीकडं वळवून बघायची सवय. ती ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते, आणि आपलं काही हरवलंय हे कबूल केल्याशिवाय ती लागत नाही. ह्यांना ते कबूल नव्हतं. “तिकडं काय ठेवलंय बघायला?” एवढंच म्हणत आणि स्कूटरची किल्ली मागत. किल्ली शुभांगीनं लपवली होती. आठ महिने आमचं घर त्या एका किल्लीभोवती फिरत होतं. बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते, जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत, आणि निरोप पोचवताना त्यातले काटे काढायचं काम माझं. त्या संध्याकाळी यायलाही हे तयार नव्हते. मी हळूच कानात सांगितलं की तिथं स्वतः चालवायच्या छोट्या बग्ग्या असतात, आणि लायसन्स कुणी विचारत नाही. पाच मिनिटांत ह्यांच्या पायात बूट होते. शुभांगीला वाटलं, बाबा तिच्यासाठी निघाले. मी तिचा तो समज मोडला नाही. बग्गीचं चाक डावीकडच्या टेकाडावर चढलं तर आपल्याला दिसत नाही हे ह्यांना पटेल, न चढलं तर जीव शांत होईल, दोन्हीपैकी काहीही झालं तरी सुटका, असा माझा हिशेब होता. आज वाटतं, मला त्या किल्लीचा कंटाळा आला होता, बाकी सगळी सजावट.

तर असे आम्ही बापूंच्या वाळवंटात गाद्यागिरद्यांवर टेकून बसलो होतो. समोर बांबूच्या मंचावर घागऱ्यातल्या मुली गिरक्या घेत होत्या. पेटते पलिते फिरवणारा एक उघडाबंब तरुण सराव करता करता शुभांगीला बघून एकदम सावरून उभा राहिला, कारण दिवसा तो तिच्याच कारखान्यात पॅकिंगला होता आणि आज त्यानं आजारी असल्याचं कळवलं होतं. जीपगाड्या टेकाडांवरून किंचाळ्यांचे गठ्ठे उतरवत होत्या. मला आठवलं, बी.ए.च्या वर्गात असताना एका कुमारिकेनं, म्हणजे अस्मादिकांनी, ‘मरुभूमीतील चांदरात’ या विषयावर सात पानी निबंध लिहिला होता, आणि त्यात वाळूच्या विरहाचं वर्णन वाचून शिरूरच्या मिशन शाळेत मुख्याध्यापक असलेल्या तिच्या वडिलांनी चष्मा पुसला होता. कुमारिका त्या वेळेपर्यंत पूर्वेला दौंडपर्यंत आणि पश्चिमेला पुण्यापर्यंत गेलेली होती. त्या सात पानांत उंट चार वेळा आला, पण वास एकदाही आला नाही.

शुभांगी सहकाऱ्यांबरोबर जीपमध्ये बसून लांबच्या फेरीला गेली, तशी मी ह्यांना कोपरानं खूण केली.

बग्ग्यांचा रस्ता छावणीच्या मागं होता: दोन्ही बाजूंनी जुने टायर अर्धे पुरलेले, मध्ये लंबगोल पट्टा. स्वतः बापूच तिथं उभे होते. डोक्याला गॉगल, हातात कागदांचा गठ्ठा. प्रत्येकानं एका कागदावर सही करायची होती, ‘मी शारीरिकदृष्ट्या पूर्णपणे तंदुरुस्त असून स्वतःच्या जबाबदारीवर वाहन चालवीत आहे’. ह्यांनी कागद उन्हाला धरला. ओळींचा उजवा अर्धा भाग तेवढा त्यांच्या वाट्याला आला असणार, पण ‘तंदुरुस्त’ हा शब्द नेमका उजवीकडं होता. पेन हातात घेतलं, कागदाजवळ नेलं, आणि टोपण लावून बापूंना परत दिलं.

“ह्यावर मला सही करता येणार नाही. डॉक्टरांनी अनफिट लिहिलंय.”

“कोण बघतंय आप्पा हितं,” बापू म्हणाले. “समदीच करत्यात.”

“सगळ्यांना अनफिट लिहिलेलं नसतं.”

मी हलक्या आवाजात आठवण करून दिली की ‘मला काही झालेलं नाही, मला सगळं दिसतं’ हे वाक्य मी रोज सकाळ-संध्याकाळ ऐकते. ह्यांचं त्यावर उत्तर तयार होतं: दिसतं हे खरंच आहे, पण कागद आहे तोवर कागद. छत्तीस वर्षं प्रत्येक ड्यूटीला निघण्याआधी आपण गाडी न्यायला योग्य आहोत अशी सही केलेला माणूस. माझं सारं कारस्थान त्या सहीपाशी येऊन आडवं झालं. मग माझ्याकडं बघत, म्हणजे स्वतःच्या उजवीकडं बघत, हे म्हणाले, “तू कर सही. तू चालव. मी असिस्टंट बसतो.”

मी आयुष्यात सायकलही चालवलेली नाही. मिशनच्या आवारात धाकटी बहीण गुडघे फोडून घेत सायकल शिकत होती, तेव्हा मी चिंचेखाली पुस्तक धरून बसले होते. सायकलवरच्या स्त्रीच्या मुद्रेवर काव्य टिकत नाही, असं माझं त्या काळातलं ठाम मत होतं. पण आता मुद्रेवर टिकवण्यासारखं फारसं उरलेलंही नव्हतं. मी सही केली. बापूंनी पट्टा आवळून दिला आणि वाकून समजावलं, “मावशी, उजव्या पायानं दाबलं का पळतंय, डाव्यानं दाबलं का हुभं ऱ्हातंय. तिसरं काय बी न्हाई.”

हे माझ्या डाव्या हाताला बसले. पट्टा लावला, पाठ ताठ केली, समोर हात केला आणि म्हणाले, “समोर क्लिअर.” मी पायानं ब्रेक शोधत होते. पुन्हा म्हणाले, “समोर क्लिअर.” तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्याकडून काय हवं आहे.

इंजिनात दोघं असतात. एकानं सिग्नल बघितला की तो मोठ्यानं म्हणायचा, आणि दुसऱ्यानं स्वतः बघून तेच परत म्हणायचं. न बघता म्हणायचं नाही. आणि जोडीदाराकडून शब्द परत आला नाही, तर आपलं काही चुकलंय असं समजून आपणच पुन्हा बघायचं. ही शिस्त हाडात इतकी मुरते की माणूस ती घरी आणतो, आणि हे मला लग्नाआधी कुणी सांगितलेलं नव्हतं. दौंडच्या रेल्वे कॉलनीत संसार मांडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, ‘दूध संपलंय.’ आतून आवाज आला, ‘दूध संपलंय.’ मी म्हणाले, ‘पाऊस येईलसं वाटतं.’ ह्यांनी खिडकीबाहेर डोकं काढून आकाश न्याहाळलं आणि म्हणाले, ‘पाऊस येईल.’ बी.ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या ह्या बाईंची खात्री पटली की नवरा आपल्याला वेडावून दाखवतो आहे. बाईंनी रोजनिशीत ‘भावविश्वाची विटंबना’ असे शब्द लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि अबोला धरला. तो अकरा दिवस चालला. बाराव्या दिवशी ह्यांचे असिस्टंट चहाला आले. घोट घेऊन म्हणाले, ‘साखर कमी.’ ह्यांनी घोट घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, ‘साखर कमी.’ दोघांपैकी कुणीही हसलं नाही. ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना सगळा उलगडा झाला. माफी मात्र मागितली नाही, त्या काळात आम्ही साहित्याच्या विद्यार्थिनी माफी वगैरे मागत नसू. त्या अकरा दिवसांत ह्यांना दुःख झालं की विश्रांती मिळाली, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

“समोर क्लिअर,” मी म्हणाले आणि उजवा पाय दाबला.

बग्गी उडाली. निदान मला तसं वाटलं. बापूंच्या म्हणण्याप्रमाणे ती बैलगाडीच्या वेगानं निघाली. वाळू चाकांखाली सळसळली, वारा कानांत शिरला, पदर पट्ट्यात अडकलेला म्हणून वाचला. सूर्य अगदी समोर, वीतभर वर, केशरी आणि बोथट. हे एकेक पुकारत होते, हात करून, जसं आयुष्यभर केलं तसं: “उजवीकडं टेकाड.” “उजवीकडं टेकाड.” “पुढं वळण.” “पुढं वळण.” त्यांचा आवाज मी आठ महिन्यांत असा ऐकला नव्हता, भरलेला, कामावरचा. वळण घेतलं, तशी सावली आमच्या पुढं पळू लागली आणि हे म्हणाले, “डावीकडं क्लिअर.”

डावीकडं उंट होता. टायरांच्या ओळीच्या आत, आमच्या वाटेत निम्मा पाय टाकून, निवांत रवंथ करत बसलेला. दावं सुटून इकडं आला असावा. इतका मोठा, इतका पिवळा, की तो न दिसायला काहीतरी फार मोठं हरवावं लागतं.

त्या अर्ध्या क्षणात किती काही मावलं. आठ महिने मी ताट फिरवत होते, आणि ‘भाजी होतीच तिथं, तुमचं लक्ष नव्हतं,’ असं मी एकदाही म्हणाले नव्हते. ‘क्लिअर’ म्हणून ब्रेक दाबणं मला सहज जमलं असतं. काटे काढून निरोप पोचवण्यात माझा हात बसलेला होता. शब्द जिभेपर्यंत आलाही. पण तो बाहेर पडेना. डावा पाय मात्र पडला, आणि बग्गी गचका देऊन थांबली.

यंत्र धडधडत होतं. हे परतीच्या शब्दाची वाट बघत होते. “डावीकडं क्लिअर,” पुन्हा म्हणाले, जरा हळू. मी समोर बघत बसले, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर. मला भीती वाटत होती, हे खरं, उंटाची नव्हे. आता हे रागावतील, की विचारतील, की आठ महिन्यांचं सगळं माझ्यावर ओततील, याचा काही अंदाज येत नव्हता.

जोडीदाराचा शब्द परत आला नाही. ह्यांनी मान वळवली. एखादं गंजलेलं फाटक उघडावं तशी ती वळली, थोडी थोडी, मध्ये थांबत, खांद्यापर्यंत, खांद्याच्याही पलीकडं. उंटानं तोंड हलवायचं थांबवून त्यांच्याकडं पाहिलं. दोघं बराच वेळ एकमेकांना बघत राहिले. मला न दिसणाऱ्या त्यांच्या डाव्या गालावर दाढीचे खुंट होते, त्यांवर ऊन पडलं असणार.

“उंट,” हे म्हणाले.

“उंट,” मी म्हणाले.

बापू पळत आले, दावं धरून त्या जनावराला ओढत नेलं, जाताना त्यालाच दोन शब्द सुनावले. माझी अपेक्षा होती, हे उतरू म्हणतील. ह्यांनी पट्टा चाचपला, हात समोर केला आणि म्हणाले, “चल.”

दुसऱ्या फेरीत ह्यांची मान डावीकडंच होती. वळवत, परत आणत, पुन्हा वळवत, नव्यानं नोकरीला लागलेल्या पोरासारखे हे पुकारत सुटले: तंबू. पाण्याचा टँकर. बाभूळ, बाभळीवर होला. पिवळ्या साडीतली बाई, फोटो काढतेय. पडलेला टायर. शेळी. ऊन थेट माझ्या डोळ्यांत, हात चाकाला चिकटलेले, मान इकडची तिकडं करायची माझी छाती नव्हती. मी नुसती म्हणत गेले, तंबू, टँकर, बाभूळ, होला, एकही न बघता. शेवटच्या वळणावर ह्यांचा आवाज बदलला, किंचित खाली आला.

“शुभांगी,” हे म्हणाले.

जीप इतक्या लवकर परतायला नको होती. मी समोरची वाट सोडली नाही.

“शुभांगी,” मी म्हणाले. ती तिथं उभी होती की नव्हती, मी तेव्हा बघितलं नाही, आणि त्यानंतर दोघांपैकी कुणालाही विचारलेलं नाही.