तिनं बरोबर वाचलं होतं

नोकरी लागली तेव्हा घरच्यांनी बाभुळगावात आमच्या सगळ्या गल्लीला पेढे वाटले. नेमणूक मिळाली ती घाटंजीच्या पलीकडच्या एका तांड्यावर. दोन एसट्या बदलून फाट्यावर उतरायचं, पुढं अर्धा तास पायी. पहिल्याच आठवड्यात मी इतकी थकले की रविवारचा सगळा दिवस झोपून काढला.

शाळेत वर्ग चार, शिक्षक आम्ही दोघं. मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, स्वभावानं भले. पण वरून रोज काही ना काही ऑनलाइन माहिती मागवत आणि शाळेत नेटवर्क नव्हतं. सर मोबाइल घेऊन फाट्यावर जात. मागं चारही वर्ग आणि शिजणारी खिचडी माझ्याकडं. पहिलीला एक अक्षर दाखवून वळते तोवर चौथीत पाट्या फेकणं सुरू. दुपारी तीनपर्यंत माझा आवाज बसलेला असायचा.

पहिलीची मुलं तर बोलतच नव्हती. त्यांच्या घरात गोरबोली आणि माझी मराठी पुस्तकातली. मी विचारायची, ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची. पहिल्यांदा बोलली ती एक मुलगी, तेल लावून चापून वेण्या घालणारी. चित्रातल्या बाईवर बोट ठेवून ती म्हणाली, "याडी." त्यांच्याकडं आईला याडी म्हणतात. मी म्हटलं, "आई म्हणायचं." दिवाळीनंतर ती अक्षरं लावून वाचायला लागली. आता काहीतरी जमतंय, असं मला वाटलं.

मग तपासणीला साहेब आले. सर त्या दिवशी बैठकीला गेलेले. साहेबांनी तिलाच उभं केलं आणि समोर कार्ड धरलं. चित्र नव्हतं, नुसती अक्षरं होती : आई. तिनं दोन्ही अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं, "याडी."

"काय?"

"याडी!" तिला वाटलं, साहेबांना ऐकू गेलं नाही.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, वर्ष संपत आलं."

तिनं वाचलंय सर, नुसतं वाचलं नाही, तिला समजलंय, असं मी म्हणायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण मी अजून कायम झाले नव्हते आणि सकाळपासून पायांवर उभी होते. मी म्हटलं, "हो सर, लक्ष देते." आणि तिच्याकडं वळून जरा जोरातच बोलले, "आई म्हण. आई!"

ती खाली मान घालून म्हणाली, "आई."

शेरा लिहिला गेला : वाचन असमाधानकारक. दुसऱ्या दिवशी तो वाचून सर म्हणाले, "मनाले लावून घेऊ नका मॅडम. मले बी पयल्या वर्षी असंच लिहून देल्लं होतं." शेऱ्याचं मला काही वाटत नव्हतं. ती मुलगी आली नव्हती.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई नुकतीच कापूस वेचून आली होती.

"पोरगी काहून येत नाही?" मी विचारलं.

"मले वाचता येत नाही म्हंते. मॅडमनंच सांगतलं म्हंते."

"येतं तिला. तिनं बरोबर वाचलं होतं. चूक माझी झाली."

बाईला काही उमगलं नसावं. मॅडमच्या तोंडून हे ऐकून ती अवघडली आणि पाणी आणायला आत गेली. मुलगी दाराआड उभी होती. मी तिला हेच सांगितलं, तिच्या बोलीतलं येत होतं तेवढं मिसळून. ती हसली नाही, रडलीही नाही.

सोमवारी ती आली. वाचायचीही चांगलं. फक्त प्रत्येक शब्दाआधी पुस्तकातून मान वर करून माझ्या चेहऱ्याकडं बघायची. मी मुद्दाम फळ्याकडं तोंड केलं, तर मी वळेपर्यंत थांबून राहायची. ती सवय चौथीपर्यंत गेली नाही.

पाचवीला तिचं नाव घाटंजीत घातलं. तोवर सर निवृत्त झाले होते, मी कायम झाले होते आणि शाळेचा प्रभारही माझ्याकडंच होता. दाखला न्यायला तिची आई एकटीच आली. मी सही केली, शिक्का मारला आणि तिसरीचं गणित अर्धं राहिलं होतं, तिकडं वळले.