माझ्या पडद्याची किल्ली

तुझी नोकरी पक्की व्हायला एवढी वर्षं का लागली, असं अजूनही कुणी विचारलं की मी सांगते, कॉम्प्युटरवरच्या एका चिन्हामुळे. लोकांना थट्टा वाटते. वाटू दे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बालाघाटच्या एका सरकारी नकाशा कार्यालयात दैनिक वेतनावर लागले. लालबर्रा, बिरसा या भागातली गावं, नाले, जंगलाच्या हद्दी जुन्या कापडी नकाशांवरून कॉम्प्युटरवर उतरवायच्या. आम्ही चौघं होतो, त्यात बाई मी एकटी. प्रोग्राम चालायचा काचेच्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर आणि चित्र उमटायचं आपापल्या टेबलावरच्या पडद्यावर. दुसऱ्या मशीनला आपल्या पडद्यावर येऊ द्यायचं तर आधी परवानगी द्यावी लागे. ज्याला यायचं त्याचं नाव लिहायचं, असा खरा नियम.

पण मशीन बसवायला नागपूरहून आलेल्या इंजिनिअरला परतीची बस गाठायची होती. नावं लिहीत बसण्याऐवजी त्यानं नुसतं अधिकचं चिन्ह टाकलं. म्हणजे, या, कुणीही या. रोज सकाळी मशीन सुरू केलं की पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची, की नियंत्रण काढलेलं आहे, कुठूनही कुणीही जोडू शकतं. वाचायचं कोण? नकाशे काढण्यात आमच्यातले सगळ्यात जुने, मोठे बाबू, तर ती ओळ आली की तिला उदबत्ती ओवाळत. ‘हौ, जुडलं बाप्पा,’ म्हणत आणि मगच चष्मा लावत. धोक्याच्या सूचनेची पूजा करणारं कार्यालय मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

एके दिवशी माझ्या पडद्यावर दोन मोठे डोळे उगवले. मी माउस हलवेन तिकडे ते बघायचे. केबिनमधून आमच्या साहेबांचं हसू ऐकू आलं. ते त्यांच्या मशीनवरून त्यांनीच पाठवले होते. सगळे हसले, मीही हसले. त्या माझ्या हसण्याचा मला आजही राग येतो.

मग अर्जाचं प्रकरण झालं. जेवणाच्या सुट्टीत मी नोकरी पक्की करण्याचा अर्ज लिहीत होते. त्या मशीनवर देवनागरी नव्हती, म्हणून डिक्शनरी घेऊन इंग्रजीत. एक वाक्य तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. दुपारच्या चहाला साहेब हातात कागद घेऊन बाहेर आले. माझ्या पडद्याचं चित्र त्यांनी केबिनमध्ये बसल्या बसल्या ओढून घेतलं होतं, छापलंही होतं. मी नंतर खोडलेलं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं.

‘तीन आदमियों का काम अकेली करती हूँ,’ त्यांनी हिंदी करून सगळ्यांसमोर वाचलं. ‘कौन से तीन, मैडम? ये तीन?’

ते तिघं समोर कपबशी घेऊन बसले होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी वर पाहिलं नाही.

घरी बाबांना सांगितलं. बाबांची सगळी नोकरी तहसीलमध्ये कारकून म्हणून गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तू काहून रडून राह्यली? दार तुह्यं हाय, तर कडी लाव. अन् साहेब उघड म्हणन तं तोंडी हुकमाले हौ म्हणू नको. लेखी माग त्याले.’

मशीनबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं कपाटात प्लास्टिकसकट पडून होती. ती काढली. आठवडाभर जेवणाची सुट्टी त्यातच घातली. मोठ्या मशीनचं तेवढं नाव लिहूनही भागणार नव्हतं, कारण तिथं साहेबांसकट सगळ्यांची खाती. म्हणून सगळ्यांची परवानगी काढून टाकली आणि पडद्याची गुप्त किल्ली, म्हणजे जिच्याशिवाय पडद्यावर येता येत नाही अशी आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ, तिथल्या फक्त माझ्या खात्यात ठेवली. अधिकच्या जागी वजा टाकलं. नवी ओळ आली: आता परवानगी असलेलेच येऊ शकतील. ती मी शब्द लावून लावून दोनदा वाचली.

तासाभरात साहेब टेबलाशी.

‘स्क्रीन बंद क्यों की? छुपाना क्या है?’

‘कुछ नहीं, सर. देखना हो तो बोलिए, आपकी मशीन को उतनी देर के लिए आने दूँगी.’

‘खोलो. सबके लिए.’

‘लिखकर दे दीजिए, सर. कि मेरी स्क्रीन पर कोई भी, कभी भी आ सकता है.’

त्यांनी केबिनकडे बोट केलं. ‘तुम्हारी फ़ाइल मेरी ही टेबल पर है, याद है ना?’

‘याद है, सर.’

लेखी मात्र काही आलं नाही. कोण कशाला येणार, हे त्यांना सहीनिशी लिहावं लागलं असतं ना! दुसऱ्या दिवशी मोठे बाबू हळूच येऊन म्हणाले, ‘बाई, माह्या मशीनलेही लावून दे ते कडी.’ मी लावून दिली. त्यांनी नव्या ओळीलाही उदबत्ती ओवाळली.

त्या दुपारी मी अर्ज पुरा केला. साहेबांच्या मशीनचं नाव लिहून परवानगी दिली आणि केबिनच्या दाराशी जाऊन म्हटलं, ‘अब देख लीजिए, सर.’ त्यांनी त्यांच्या पडद्यावर अर्ज पाहिला. परत येऊन मी ते नाव काढून टाकलं आणि अर्ज छापून त्यांच्या टेबलावर ठेवला.

फाइल तिथं दोन वर्षं तशीच पडून राहिली. पडू दे. त्यात ते तीन माणसांचं वाक्य होतं, आणि ते मी खोडलेलं नव्हतं.