दवा-बिवा काही नाही

माझी भावजय मनोरमा शाळेची व्हॅन चालवते. आमच्या नातेवाइकांत हे अजून दबक्या आवाजात बोललं जातं, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने सांगते. आमचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. घोडा गेला, जमीन गेली, ऐट तेवढी राहिली. माझ्या भावाचं, संजीवचं, कमरेचं ऑपरेशन झालं आणि त्याची व्हॅन दारात नुसती उभी राहिली, तेव्हा ही बाई गाडी शिकली, लायसन्स काढलं आणि सुदामा नगरातली चौदा मुलं शाळेत नेऊ-आणू लागली. "घराण्याची सून गाडी हाकते," असं एक काका म्हणाले. मी म्हटलं, "मग घराण्याने रिसाल्यात काय हाकलं?" तेव्हापासून ते आमच्याकडे चहाला येत नाहीत. बरं झालं.

नऊ वर्षं तिने गाडी चालवली. एक ओरखडा नाही.

पन्नाशी उलटली आणि तिचे केस गळायला लागले. भांग रुंद होत होत टाळू दिसू लागली. यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात तिचा गजरा सुटून तिळगुळाच्या ताटात पडला. पिनेला धरायला केसच नव्हते. बायका हसल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू? ती तेवढी हसली नाही.

त्याच आठवड्यात ती तुकोगंजातल्या एका केसांच्या क्लिनिकमध्ये जाऊन आली. तिथे डॉक्टर भेटलाच नाही. ऋषभ नावाचा एक सल्लागार भेटला, अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट. त्याने तिच्या टाळूचा फोटो काढून भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला. आपली टाळू अशी कपाटाएवढी बघितल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? तिने समोर आलेल्या फॉर्मवर सही केली आणि एक लोशन, एक गोळ्यांची बाटली घेऊन घरी आली. बाटलीवर हिरवं पान आणि 'केशपोषण' एवढाच शब्द. रोज सकाळी एक गोळी.

"हे कसलं औषध?" मी विचारलं.

"औषध नाही ताई. तो बोलला, दवा-बिवा काही नाही, बालों का खाना है."

पहिल्या महिन्यात केस आणखीच गळले. फोन केला तर म्हणे, अच्छा संकेत है. पण एप्रिलमध्ये खरंच भांगाशी बारीक नवे केस उगवले. ती दिवसातून चारदा आरशासमोर जायची. मलाही बरं वाटलं.

मग गालांवर आणि कपाळाच्या कडेला लव आली. ती दर पंधरवड्याला थ्रेडिंगला जाऊ लागली. पाय सुजून चपलेचा पट्टा रुतायला लागला. जिना चढताना छाती धडधडायची, मधेच डोळ्यांसमोर अंधारी यायची. आणि आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार! वय झालं. उमस, उकाडा किती आहे. मीठ कमी खा. संकष्टीला देवासमोर उभ्या उभ्या तिला चक्कर आली, तर घरातल्या सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "उपास सोड." त्यात माझा सूर सगळ्यात मोठा होता.

श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी मुलांना घेऊन परत येताना तिला पुन्हा अंधारी आली. तिने इंडिकेटर दिला, व्हॅन कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चावी काढली, मुलांना म्हणाली, "कोणी उतरायचं नाही," आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हे मी क्रमाने सांगते आहे, कारण दुसऱ्या कोणी सांगितलं नाही. स्कूटरवरून जाणाऱ्या एका शहाण्याने मदत करायच्या आधी फोटो काढला. तो फोटो पालकांच्या ग्रुपवर पोचला. पलक नावाच्या दुसरीतल्या मुलीची आई सोनल, तिने खाली लिहिलं, "आंटीजी बेहोश मिली हैं. कुछ लेती तो नहीं?"

कुछ लेती तो नहीं! जिने चक्कर येतानाही चौदा लेकरांचा जीव आधी सांभाळला, तिला हे! संध्याकाळपर्यंत नऊ घरांनी मुलं काढून घेतली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाचांनी. एकानेही येऊन विचारलं नाही की बाई, तुम्हाला काय होतंय. मनोरमा तरी रोज सकाळी उठून व्हॅन धुवायची, सीटा पुसायची आणि घरात येऊन बसायची. मला मात्र रस्त्यात त्या ग्रुपमधलं कोणी दिसलं की चार शब्द सुनावावेसे वाटायचे, आणि मी सुनावलेही.

मी तिला डॉक्टर शंतनूंकडे नेलं. ते नागपूरचे, चार वर्षांपूर्वी इथे आलेले, शांत माणूस. त्यांनी विचारलं, "काही औषधं सुरू आहेत?"

"नाही," मनोरमा म्हणाली. "दवा-बिवा काही नाही."

मी शेजारीच बसले होते. ती बाटली मी रोज सकाळी साखरेच्या डब्याजवळ बघत होते. मीही तोंड उघडलं नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. एक पायरी गाळली की उत्तर चुकतं, हे पोरांना ओरडून ओरडून सांगितलं. आणि इथे आम्हा दोघींना ती गोळी मोजावीशीच वाटली नाही, कारण केस म्हणजे हौस, आणि औषध आजाराला लागतं!

ईसीजी झाला, रक्त तपासलं, शुगर पाहिली. नाडी जलद आणि बीपी कमी, बाकी सगळं ठीक. दुसऱ्या खेपेला डॉक्टर तिच्या गालाकडे जरा वेळ बघत राहिले.

"केसांसाठी काही घेता का?"

"हो. पण ते औषध नाही."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. क्लिनिकला स्वतः फोन लावला, दोनदा आवाज चढवला, तेव्हा गोळीचं नाव कळलं.

"हे मुळात बीपी उतरवायचं औषध आहे," ते म्हणाले. "त्याने केस वाढतात, म्हणून थोड्या मात्रेत, तपासून, आम्हीही देतो. पुष्कळांना चालतं. पण तुमचं बीपी आधीच कमी, वरून उपास. गोळी देताना कोणी बीपी तपासलं होतं?"

"नाही. फोटो काढला होता."

गोळी त्याच दिवशी बंद झाली. "मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही," असंही त्यांनी बजावलं. वाटेत घरून ती बाटली उचलली आणि मी तिला घेऊन सरळ तुकोगंज गाठलं. बाहेर पाच-सहा बायका नंबर लावून बसल्या होत्या. मनोरमा त्यांच्यात बसली, मी आत घुसले. ऋषभने हसून खुर्ची दिली. मी बाटली त्याच्यासमोर आपटली.

"मैडम, फॉर्म पे आंटीजी की साइन है," तो म्हणाला. "लिखा है, साइड इफेक्ट समझा दिए गए."

"तू तो बोला था दवा नहीं, खाना है! तो साइड इफेक्ट किसके समझाए भिया? खाने के?"

मग म्हणतो, "आप मेल डाल दीजिए." संताप संताप झाला माझा. हातात काही असतं तर तो पडदा फोडला असता. बाहेरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात मी गोळीचं नाव तीनदा घेतलं, तक्रार करणार म्हणून सांगितलं आणि बाहेर आले. दोघी उठून गेल्या. बाकीच्या तशाच बसून राहिल्या.

मनोरमाने माझा हात धरला. "ताई, चला. सोनलजींकडे जायचंय."

"कशाला? तोंड बघायला तिचं?"

"त्यांनी एप्रिलमध्ये विचारलं होतं, आंटीजी, बाल कैसे आए. मीच इथलं कार्ड दिलं. त्याही ही गोळी घेतात."

माझ्या मनात आलं ते लपवत नाही. मी म्हटलं, "घेऊ दे. तिने काय लिहिलं ते वाचलंस ना?"

"रोज वाचते," ती म्हणाली. "पण पलक आता त्यांच्याच कारमध्ये बसते ना."

सोनल फाटकाबाहेर निघतच होती, हातात कारची चावी. शाळा सुटायची वेळ झाली होती. आम्हाला बघून तिचं तोंड आक्रसलं. मनोरमाने एका दमात सगळं सांगितलं आणि विचारलं, "आपको चक्कर तो नहीं आते?"

सोनलने फाटकाला हात टेकला. "दो-तीन बार आए. मुझे लगा, सोमवार के व्रत से."

"तो आज गाड़ी मत चलाओ."

"और पलक को कौन लाएगा?" ती म्हणाली. "आप?"

मी पुढे झाले. जे बोलणार होते ते लिहिण्यासारखं नाही. मनोरमाने मला मागे ओढलं.

"नहीं. मुझे भी डॉक्टर ने मना किया है. ऑटो कर लो."

आणि स्वतःच रस्त्यात जाऊन तिने एक ऑटो थांबवला. "भिया, धीरे चलाना. आते टाइम बच्ची रहेगी." सोनल आत बसली. आभार नाहीत, माफी नाही, मान वर करून बघणंही नाही. ऑटो निघाला आणि माझ्या डोळ्यांतून रागाने पाणी आलं.

"तुला राग येत नाही का गं?" मी ओरडले.

"येतो ना ताई. खूप येतो," ती म्हणाली. ती अजून ऑटो गेला त्या दिशेलाच बघत होती. "पलकला हात बाहेर काढायची सवय आहे. ते ऑटोवाल्याला सांगायचं राहिलं."