मिठाचं फडकं

बाजारादिवशी सकाळी आमच्या वन्सं बाजाराची पिशवी जमिनीवर उपडी करायच्या. पिशवीतून फडकी पडायची. प्रत्येक जिनसाचं फडकं वेगळं. हळदीचं पिवळं झालेलं, मिरचीचं तांबूस, डाळीचं मोठं, तेलाच्या बाटलीला गुंडाळायचं चिकट आणि काळपट. वन्सं त्या फडक्यांवरून हात फिरवायच्या, जरा विचार करायच्या आणि त्यातलं एखादं उचलून खुंटीला अडकवायच्या. "आजपस्नं ह्येचा बाजार बंद," म्हणायच्या. उरलेली फडकी पिशवीत भरून पिशवी माझ्या हातात. मी आतल्या आत चरफडत कळंबची वाट धरायची.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शेवंताक्का. लहान वयात नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. माझं लग्न होण्याआधीच सासूबाई वारल्या होत्या, त्यामुळे घर वन्संच्याच हातात होतं. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही आठवण आली की आधी राग येतो, बाकीचं सगळं नंतर.

हे फडक्यांचं खूळ मोठ्या दुष्काळानंतर सुरू झालं. दुष्काळात आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो आणि धान्यासाठी दुकानापुढे रांग लागायची. एकदा वन्सं भांडं घेऊन सकाळपासून रांगेत बसल्या. त्यांचा नंबर आला आणि लाल मिलो, ती परदेशातून आलेली ज्वारी, संपली. दुकानदारानं हातानंच "उठा" अशी खूण केली. वन्सं रिकामं भांडं पदराखाली झाकून घरी आल्या. पुढे पाऊस पडला, जमिनीत ज्वारी आली, तेव्हा म्हणाल्या, "पोटासाठी परत कुणाच्या दारात भांडं घिऊन बसायची न्हाय म्या. एका बाजाराला एक जिन्नस बंद करायचा. जमंल तसं, पर घरचंच खायाचं."

इथवर कुणीही त्यांचं कौतुकच करेल. पण त्यांची रीत ऐका. शहाणं माणूस आधी पेरतं, पीक येतं, मग विकत आणणं थांबवतं. वन्सं आधी बंद करायच्या आणि मग पेरायच्या. मी एकदा धीर करून विचारलं, "वन्सं, निदान मिरच्या लागेपर्यंत तरी आणू का?"

"आणलीस तर झाडाला पाणी कोन घालंल?" त्या म्हणाल्या. "त्वांड आळणी झालं की हात आपुआप चालत्यात."

मिरचीची रोपं वीतभर होती आणि आम्ही बिनमिरचीचं कालवण खात होतो. आमचे हे शेजाऱ्याकडून दोन मिरच्या मागून आणायचे आणि सदऱ्याच्या खिशात लपवून जेवायला बसायचे. वन्सं भाकरी थापता थापता मान न उचलता म्हणायच्या, "खिशात काय हाय?"

"कुठं काय, आक्का."

"मग खिसा हिरवा कामून झालाय?"

ह्यांना मिरच्या काढून द्याव्या लागायच्या. वन्सं त्यांच्या बिया काढून राखेत घोळवून ठेवायच्या आणि सालं बकरीपुढे टाकायच्या. बकरी तोंड फिरवायची. मला हसूही यायचं आणि रडूही.

पाण्याची तर गोष्टच निराळी. विहीर उन्हाळ्यात तळाला जायची. घागर भरायला माझीच कंबर मोडायची आणि त्या पाण्याचा थेंब वाया गेलेला वन्संना खपायचा नाही. न्हाणीचा दगड त्यांनी न्हाणीतून उचलला आणि परसात नेला. ज्या वाफ्याची पाळी, त्या वाफ्यात दगड. आज वांग्याची, उद्या दोडक्याची. गडीमाणसांनी तिथं बसून अंघोळ करायची. आम्हा बायकांसाठी तुराट्यांचा आडोसा, तोही दगडासारखाच फिरता. एकदा ह्यांचे शेती सोसायटीतले कुणी पाहुणे मुक्कामाला आले. सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून त्यांनी न्हाणी विचारली. वन्सं म्हणाल्या, "तिकडं हळदीत बसा. साबण लावू नका, पानं करपत्यात." मी लाजेनं दारामागे गेले. पाहुणा बिचारा हळदीत बसून गुपचूप न्हाला.

पण खोटं का बोलू, वर्ष फिरलं तशी परसात हळद आली. दोडका छपरावर चढला. बांधावरची तूर जात्यावर भरडून डाळ घरची झाली. करडई घाण्यावर नेली, तेल घरचं झालं. चहा काही उगवत नाही, म्हणून वन्संनी चहाच बंद केला आणि गवती चहाच्या काड्या उकळून द्यायला लागल्या. हे चहा प्यायला सोसायटीत जाऊन बसायला लागले. खुंटीवरची फडकी वाढत गेली. गावातल्या बाया बघायला यायच्या. "शेवंताक्कानं लई नाव काढलं बगा," म्हणायच्या. मी चुलीत फुंकर घालत राहायची.

माझं दुःख त्यांना कुठून कळणार? माझं माहेर कळंबच्या पलीकडे. माहेरी जायला मिळायचं ते पंचमीला आणि दिवाळीला. पण आईसुद्धा कळंबच्या बाजाराला यायची. एस.टी. स्टँडमागे एक कडुनिंब होता. मी भराभर बाजार उरकून तिथं जायची. आई बसलेलीच असायची. तिच्या फडक्यात भाकरी आणि ठेचा. मिरची बंद होती तेव्हा मी तो ठेचा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायची आणि आई म्हणायची, "सुमे, आगं हळू खा की. सासरी मिरची दावत न्हायत व्हय तुला?" अर्धी घटका आम्ही बसायचो. बोलायचो तरी काय, बकरी व्याली, कुणाचा पाय मोडला, एवढंच. पण माझा तो आठवडा त्याच्यावर जायचा. घरी हे कधी कुणाला सांगितलं नाही. मला तसंही बोलायला जमत नाही. आईला भेटायला दर आठवड्याला जाते म्हटलं असतं तर चार तोंडं चार बोलली असती. एकदा परत आल्यावर वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाजारातनं आलीस की त्वांड लाल दिसतंय तुजं."

"ऊन लागलं," मी म्हणाले.

आता लक्षात येईल, एकेक फडकं खुंटीला लागताना मी पिशवीतली उरलेली का मोजत बसायची. जिन्नस संपले की बाजार संपला. बाजार संपला की आई संपली. शेवटी पिशवीतून एकच फडकं पडायला लागलं, मिठाचं. मीठ काही परसात उगवत नाही. मी देवाचे आभार मानले.

आणि त्याच साली गावातल्या सोसायटीच्या दुकानात खडे मीठ आलं. हेच सांगत आले, "आक्का, आता मिठाला कळंब कशाला? दुकान आपल्या दारात हाय."

माझ्या हातातला तवा तसाच राहिला.

वन्सं म्हणाल्या, "त्ये मीठ कडू हाय."

"चाखलं कवा तू?"

"वासावरनं कळतंय."

"मिठाला वास आसतो व्हय, आक्का? बरं, कळंबचंच आणा. पर एकदाच पोतंभर आणून ठिवा."

"जास्त आणलं की पाणी सुटतंय त्येला. एका बाजारापुरतंच आणायचं."

हे हसायला लागले. "आगं विहिरीला पाणी सुटंना, मिठाला कुठनं सुटतंय?"

मीठ एका बाजारापुरतंच येत राहिलं. माझी भीती टळली, पण वन्संचा राग आणखी यायला लागला. भर वैशाखात पसाभर मिठासाठी ही बाई मला दोन कोस चालवते, असं इतर बायांनाही वाटायचं. एखादे वेळी मडक्यात मीठ उरलेलं असलं, तर बाजाराच्या आदल्या दिवशी वन्सं ते बकरीपुढे ओतायच्या. "जनावराला मीठ लागतंय," म्हणायच्या आणि सकाळी रिकामं मडकं मला दाखवायच्या. दाणा दाणा वाचवणारी बाई, आणि मीठ बकरीला! मला त्यांचा हिशेब कधी लागला नाही.

अशी काही वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात आई गेली. चार दिवसांचा ताप. तेरावा करून मी सासरी परत आले आणि दोन दिवसांनी बाजार आला. बोळातून बायांनी हाक मारली, "सुमन, येतीस का गं?" मी चुलीपुढे बसून होते. उठवेना. आता वन्सं पिशवी घेऊन येतील, मडकं दाखवतील, आणि मला त्या कडुनिंबावरून जावं लागेल, एवढंच डोक्यात होतं.

वन्संनी पिशवी घेतलीच नाही. त्या डोक्यावर पदर घेऊन बाहेर गेल्या आणि लगेच परत आल्या. काखेत जड गाठोडं होतं. ते त्यांनी मिठाच्या मडक्यात ओतलं. मडकं काठोकाठ भरलं, उरलेलं डब्यात घातलं. मग मिठाचं फडकं झटकलं आणि खुंटीला, सगळ्या फडक्यांच्या वर, अडकवलं.

दुपारी जेवताना हे म्हणाले, "आक्का, ह्ये सोसायटीचं मीठ न्हवं?"

"व्हय."

"कडू हाय म्हणत व्हतीस ना?"

"जेव गप."

मी खुंटीकडे पाहिलं, मग वन्संकडे. त्या खाली मान घालून भाकरी मोडत होत्या. मला इतका राग आला की हातातला घास मी ताटात परत ठेवला. किती वर्षं दर बाजाराला सकाळी माझा जीव टांगणीला लागायचा, आणि ह्या बाईनं एकदाही म्हणू नये, "जा सुमन, आईला भेटून ये"? एवढा एक शब्द घरचा निघाला असता तर काय बिघडलं असतं?

"वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"भाजी आळणी झालीया तुजी," त्या म्हणाल्या आणि मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली.

मी एक खडा उचलून जिभेवर ठेवला. मीठ मिठासारखंच होतं.