दोनच्या गाडीने गेलेली बातमी

नऊ वर्षे मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर काम केले. दुसऱ्याने पाहिलेले आपण दुरुस्त करायचे, असे ते काम. नोकरी सोडल्यावर लक्षात आले की ज्यांच्या बातम्या मी इतकी वर्षे कापल्या, त्या तालुक्याच्या वार्ताहरांपैकी एकालाही मी भेटलेले नव्हते. ते ब्लॉगचे दिवस होते. मी ब्लॉग सुरू केला आणि त्यांना भेटायला वऱ्हाडात गेले.

वऱ्हाडात त्या वर्षांत बाहेरून पत्रकार पुष्कळ येत. कापूस पट्ट्यातल्या संकटावर लिहायचे, दोन दिवस राहायचे आणि परतायचे, असा त्यांचा क्रम असे. त्यांना वाट दाखवणारा, बोलीचा अर्थ सांगणारा, कुठल्या विहिरीचे पाणी प्यायचे नाही हे बजावणारा एक स्थानिक वार्ताहर असे. त्याचे नाव कुठे छापून येत नसे. मला या माणसात रस होता.

अमरावतीला एका दैनिकाच्या विभागीय कार्यालयात गेले. खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास होता आणि विभागप्रमुखांचे बोलणे मधूनमधून खालच्या पाढ्यांत बुडत होते.

"पातूरला जा," ते म्हणाले. "आमचा तिथला माणूस एकोणीस वर्षं लिहितोय. घड्याळं दुरुस्त करतो आणि बातम्या देतो. अकोल्याच्या कार्यालयात एक जागा निघालीय. त्याला घ्यावं असं मनात आहे."

"मग अडलंय कुठे?"

"अट घातलीय. तीन महिने त्याच्या बातमीवर एकही खुलासा येता कामा नये."

बातमी चुकली की ज्यांच्याबद्दल ती आहे ते पत्र पाठवतात आणि ते छापावे लागते. त्याला खुलासा म्हणतात.

"किती दिवस राहिले?"

"सहा," विभागप्रमुख म्हणाले. "आणि त्याला ते तासांमध्ये पाठ असणार."

पातूरला मी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पोचले. दुकान एसटी स्टँडसमोर होते. भिंतीवर चौदा घड्याळे होती आणि चौदा वेळा. पंचेचाळिशीचे गृहस्थ डोळ्याला भिंग लावून बसले होते. मी ओळख सांगितली तसे ते उठले, स्टूल पुसले, आणि भिंग डोळ्याला तसेच ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाले, "या ताई. पुण्याच्या डेस्कवरच्या? म्हंजे माह्या बातमीचं शेपूट कापणारे तुमीच काय?"

"माझा पेपर वेगळा होता."

"कापणारा हात एकच असते," ते म्हणाले आणि चहा सांगितला.

ते पातूरचेच. घरात उर्दू, दुकानात वऱ्हाडी, बातमीत पुस्तकी मराठी. नोकरीचा विषय मी काढला नाही. तो त्यांनीच काढला, साधारण दुसऱ्या मिनिटाला. अकोल्याच्या कार्यालयात आपल्याला बसायचे आहे, एवढी एकच गोष्ट आपण आयुष्यात मागितली आहे, बायको सोडून, असे ते म्हणाले. मग घाईने म्हणाले, "हे ब्लॉगात नका टाकू. बायकोचं."

त्या दिवशी मुंबईहून आलेली एक पाहणी समिती सहा किलोमीटरवरच्या गावात कपाशी पाहणार होती. वेळ अकराची होती, पण समिती तीनच्या आत येत नसते, असे ते म्हणाले. आम्ही एकपर्यंत दुकानातच होतो. मला राहवेना.

"आपण जायचं नाही का?"

"जाऊ ना. पयले बातमी पाठवून देऊ."

इथे मला त्यांची पद्धत कळली. पातूरला चार दैनिकांचे चार वार्ताहर होते. एक घड्याळवाले, एक शाळामास्तर, एक औषधांच्या दुकानाचे मालक आणि एक संत्र्याचा बागायतदार. कार्यक्रमाला चौघांनी जायचे नाही, असे ठरलेले होते. नंबर लावलेला. ज्याचा नंबर तो जाणार आणि कार्बन लावून चौघांसाठी लिहिणार. दिवसा भारनियमन, त्यामुळे फॅक्स मुका. म्हणून चार पाकिटे दुपारी दोनच्या एसटीने कंडक्टरच्या हाती अकोल्याला जायची. तिथे चार कार्यालयांचे चार शिपाई स्टँडवर उभे असत. गाडी दोनला सुटणार म्हटल्यावर दुपारचा कार्यक्रम होण्याआधीच लिहावा लागे.

"आणि तो झालाच नाही तर?"

"ताई, समित्या येऊन राहिल्या आन जाऊन राहिल्या. कपाशी पाहतात, मान हालवतात, 'अहवाल शासनास सादर करू' म्हंतात. एकोणीस वर्षांत याच्यात काय बदललं ते मले सांगा."

त्यांनी लिहायला घेतले. कागद माझ्याकडे सरकवला. त्यात 'पाहणी दौरा उत्साहात संपन्न झाला' असे होते. नोकरी सोडून चार महिने झाले होते, पण हात सुटला नव्हता. मी 'उत्साहात संपन्न' खोडले आणि पहिले वाक्य नवे करून दिले. समितीने कपाशीच्या पिकाची बारकाईने पाहणी केली, असे. 'बारकाईने' हा शब्द माझा होता. याची नोंद इथे करणे भाग आहे.

दोनला पाकिटे गेली. आम्ही त्यांच्या मोटरसायकलवरून, आधीच लिहून झालेली पाहणी पाहायला निघालो.

गावाकडे वळण्याआधी लेण्यांपाशी पाच पांढऱ्या गाड्या उभ्या दिसल्या. डोंगरातल्या लेण्यांतून आठ-दहा माणसे उतरत होती. सगळ्यांत पुढे समितीचे प्रमुख होते. कॅमेरा बाहेर काढावा म्हटले, तर रात्रभर वीज नसल्याने त्याची बॅटरी रिकामी होती. वार्ताहरांनी गाडी थांबवली आणि तहसील कार्यालयाच्या एका ओळखीच्या माणसाला गाठले.

"काहून भाऊ, इथं कसे?"

"साहेबांले लेण्या पाहाच्या होत्या."

"आन गाव?"

"रद्द. साहेबांले जेवाले अकोल्याले पोचाचं हाये."

वार्ताहर प्रमुखांपुढे जाऊन उभे राहिले. वही उघडून पुस्तकी मराठीत विचारले, "साहेब, कपाशीची पाहणी?"

प्रमुख गाडीत बसता बसता म्हणाले, "पाहिली ना. रस्त्यावरून दिसली."

गाड्या गेल्या. तहसीलच्या माणसाने सांगितले की गावात अकरापासून शाळेच्या खुर्च्या मांडून, हार घेऊन लोक बसलेले होते. उद्या ते चार पेपरांत वाचणार होते की समिती आली आणि तिने कपाशी बारकाईने पाहिली.

"खुलासा," वार्ताहर म्हणाले. एवढा एकच शब्द. मग म्हणाले, "धरून बसा ताई."

पातूर ते अकोला हा रस्ता मी कसा पार केला ते नीट सांगता येणार नाही, कारण बराच वेळ माझे डोळे मिटलेले होते. वाटेतल्या कापशी गावाजवळ एक एसटी दिसली. वार्ताहरांनी तिच्यापुढे मोटरसायकल आडवी घातली. ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली.

"मराचं हाये काय बे?"

"पातूरची दोनची हाय ना?"

"वाशिमची हाय! आन जरा बाईले तरी इचार, तिले मराचं हाये काय!"

मी हात जोडले. आम्ही पुन्हा निघालो. मला हसू येऊ लागले आणि ते थांबेना. पुढून आवाज आला, "हासू नका ताई, गाडी हालते." पण गाडी त्यांच्या हसण्यानेही हलत होती.

आमची एसटी जुन्या शहरात मोर्णा नदीच्या पुलाच्या तोंडाशी सापडली. पुढे कडब्याची बैलगाडी आडवी झाली होती आणि सगळे ठप्प होते. वार्ताहरांनी कंडक्टरच्या खिडकीवर थाप मारली. कंडक्टर ओळखीचे होते.

"पाकिटं परत द्या, भाऊ. बातमी चुकली."

कंडक्टरने पाकिटे पाहिली. चारांवर चार पेपरांची नावे. "तुमचं तुमी घ्या. हे तीन मी कसे देऊ? ज्याच्या नावाचं त्यालेच."

हा क्षण मला अजून स्वच्छ आठवतो. वार्ताहरांचे स्वतःचे पाकीट परत मिळत होते. त्यात खरी बातमी घालता आली असती, 'रस्त्यावरून दिसली' या वाक्यासह, आणि ती एकाच पेपरात आली असती. उरलेल्या तिघांनी समितीला शेतात उभे केले असते. पाच दिवस राहिलेल्या माणसाला याहून चांगली बातमी मिळणार नव्हती. माझ्या डेस्कवर मी असल्या बातमीला पहिले पान दिले असते. मी तसे बोललेही.

"नंबर माहा हाये ना," ते म्हणाले. "चौघांचं म्या लेहलं."

एवढे बोलून ते मोटरसायकलवरून उतरले, एसटीत चढले, आणि बैलगाडी सरकली तशी एसटी पुलावर गेली. मोटरसायकल चालू अवस्थेत माझ्या हाती होती.

मी पुण्याची असल्याने स्कूटर मला येत होती. गियरची मोटरसायकल नव्हती. मागून भोंगे वाजू लागले. मी ती पहिल्या गियरमध्ये पुलावर घातली आणि स्टँडपर्यंत पहिल्याच गियरमध्ये नेली. केळीच्या गाड्यावरचे एक दाढीवाले चाचा ओरडले, "बाई, गियर बदलो ना! इंजन रो रहा है!" पुढच्या चौकातही कोणीतरी हेच म्हणाले, फक्त मराठीत आणि इथे छापता येणार नाही असे.

स्टँडवर वार्ताहर चार शिपायांच्या मधोमध बसले होते. कंडक्टरने नियमाप्रमाणे ज्याचे त्याला पाकीट दिले होते आणि त्यांनी चौघांकडून ते परत मागून घेतले होते. मांडीवर कार्बन लावून ते लिहीत होते. या वेळी मी शब्दही सुचवला नाही. बातमी आठ ओळींची होती. समिती गावात गेली नाही, लेणी पाहून परतली, प्रमुख काय म्हणाले, गाव किती वेळ बसून होते. चार प्रती, चार पाकिटे. मग त्यांनी एका दुकानातून तिघांना फोन केले. शाळामास्तरांचा आवाज मला दोन हातांवरून ऐकू आला. "अबे, हे तुले एकट्यालेच गावलं होतं ना? येडा हायेस काय?"

"हो," वार्ताहर म्हणाले आणि फोन ठेवला.

बातमी चारही पेपरांत आली. तीन पेपरांनी ती पहिल्या पानावर घेतली. त्यांच्या स्वतःच्या पेपरात ती पाचव्या पानावर होती.

चार दिवसांनी, पुण्याला परतण्याआधी, मी अमरावतीला थांबले. विभागप्रमुखांच्या टेबलावर चार पेपर उघडे होते आणि त्यांवर एक पत्र. समितीच्या कार्यालयाने खुलासा पाठवला होता. समितीने पिकाची पाहणी केली असून लेण्यांना भेट दिल्याचे वृत्त निराधार आहे, असे त्यात होते. मुदत संपायला एक दिवस बाकी होता. विभागप्रमुखांनी पातूरला फोन लावला आणि मलाही ऐकू यावा म्हणून स्पीकर दाबला.

"खुलासा आलाय."

पलीकडून घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती.

"'रस्त्यावरून दिसली' ही ओळ चौघांनी जशीच्या तशी छापलीय. तुम्ही लोक ठरवून लिहिता का?"

"ठरवून लेहतो साहेब," पलीकडून आले. "पण हे खोटं नाई."

विभागप्रमुखांनी पत्र उचलले, पुन्हा वाचले. "बातमी एकाच पेपरात असती तर हे पत्र छापावं लागलं असतं," ते म्हणाले. "चौघांना खोटं कसं पाडणार? बाकी तिघंही छापत नाहीयेत, मी विचारलंय." पत्र त्यांनी खणात टाकले. "सोमवारी अकोल्याला हजर व्हा."

पलीकडे वहीची पाने उलटल्याचे ऐकू आले.

"साहेब, सोमवारी नाई जमत."

"का?"

"सोमवारी माहा नंबर हाये."

मी चहाच्या कपात पाहत राहिले. विभागप्रमुखांनी कसला नंबर ते विचारले नाही. तेही तीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी तालुक्याचे वार्ताहर होते, हे मला नंतर समजले.

"मग मंगळवारी या," ते म्हणाले.